मीठ आणि मिठाचा: वाचायला शिकणाऱ्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घ कसं शिकवायचं

आपल्या गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहून बघा: सोलापूर, सोलापूरला, सोलापुरात. पहिल्या दोहोंत पू दीर्घ, तिसऱ्यात पु ऱ्हस्व. आता तिन्ही शब्द मोठ्यानं म्हणा. ‘सोलापूर’ म्हणताना आवाज पूवर रेंगाळतो. ‘सोलापुरात’ म्हणताना तो पुवरून भरकन पुढे जातो आणि रावर टेकतो. कागदावर जे बदललं तेच तोंडातही बदललं. मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळसं असंच आहे, कानाला आधीपासून ठाऊक असलेलं. म्हणून मुलांना ते शिकवायचं तर कानापासून सुरुवात करायची; वेलांटी नंतर.

मी सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी मुलांना वाचायला शिकवते. मुलं पाच ते आठ वर्षांची. पुष्कळांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर किंवा शिलाईच्या कामावर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कन्नड, दोन गल्ल्या सोडल्या की उर्दू, आणि शाळेत मराठी माध्यम. दर जूनमध्ये शिकवायला नवी माणसं येतात: कुणी कॉलेजात शिकणारी मुलगी, कुणी नुकतीच निवृत्त झालेली बाई, कुणी आपल्याच पोराला घेऊन बसणारी आई. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी कसं शिकवायचं?’ त्यांना पहिल्या काही दिवसांत जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

आधी आपण समजून घ्यायचं

ऱ्हस्व म्हणजे आखूड, दीर्घ म्हणजे लांब. छंदात ऱ्हस्वाला एक मात्रा मोजतात, दीर्घाला दोन. वर्णमालेत जोड्या तीनच: अ-आ, इ-ई, उ-ऊ. ए, ऐ, ओ, औ यांना मराठीत आखूड जोडीदार नाही. ते दीर्घच धरतात. बॅट आणि बॉल यांतले ॲ, ऑ शासनाच्या २००९ च्या निर्णयानं वर्णमालेत आले, आणि तेव्हापासून बाराखडीला काही ठिकाणी चौदाखडी म्हणतात. पहिल्या वर्षी ते सवडीनं आले तरी चालतं.

पण या तीन जोड्या एकसारख्या नाहीत, आणि नव्या शिक्षकांची गाडी इथेच अडते. अ आणि आ यांत फक्त लांबीचा फरक नाही, तोंडच वेगळं उघडतं. ‘बळ’ आणि ‘बाळ’ यांत गल्लत झाली की अर्थाचा पार घोटाळा होतो. इ-ई आणि उ-ऊ यांचं तसं नाही. जीभ जवळपास त्याच जागी असते, फरक वेळेचा. आणि रोजच्या मराठीत त्या फरकानं अर्थ फारच क्वचित बदलतो. व्याकरणाच्या पुस्तकात दिन-दीन, सुत-सूत, शिर-शीर, सलिल-सलील अशा जोड्या दिलेल्या असतात. त्यांतले बरेच शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. सहा वर्षांच्या मुलाला ‘सुत’ म्हणजे मुलगा हे कुठून माहीत असणार? शिवाय आपण स्वतः बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखंच म्हणतो. मुलाला ‘नीट ऐक, फरक कळतोय का?’ असं विचारायचं आणि आपल्याच उच्चारात फरक नसायचा, हा त्या मुलावर अन्याय आहे. या जोड्या चौथी-पाचवीसाठी ठेवून द्या.

मग इ-ई, उ-ऊ कशावरून शिकवायचं? शब्दातल्या जागेवरून. तिकडे येतेच. आधी अ-आ.

पहिली पायरी: अ आणि आ, हनुवटीखाली हात ठेवून

मुलाला हाताची पालथी बाजू स्वतःच्या हनुवटीखाली लावायला सांगा. आता ‘अ’ म्हणायचं, मग ‘आ’. ‘आ’ला हनुवटी हाताला दाबते, ‘अ’ला जेमतेम हलते. आपल्याच शरीरात काहीतरी घडलेलं त्याला कळतं, आणि हे कळणं कुठल्याही व्याख्येपेक्षा पक्कं असतं.

मग जोड्या घ्या, फक्त तोंडी, फळ्यावर काही न लिहिता: तर-तार, दर-दार, मळ-माळ, गळ-गाळ, कळ-काळ, पळ-पाळ, चर-चार, बळ-बाळ. तुम्ही एक शब्द म्हणा. मुलानं ‘आ’ ऐकू आला तर हात पसरायचे, नाही तर मूठ मिटायची. दोन दिवस हेच करा. तिसऱ्या दिवशी पाटीवर ‘दर’ लिहा, मुलाकडून वाचून घ्या, आणि त्याच्या देखत द शेजारी काना ओढा. एका उभ्या रेघेनं ‘दर’चं ‘दार’ झालेलं बघताना मुलांचे डोळे चमकतात. काना त्यांना स्वतःच्या हातानं ओढू द्या, मग बोटानं झाकू द्या, पुन्हा उघडू द्या. झाकला की दर, उघडला की दार. शंभर वेळा केलं तरी कंटाळत नाहीत.

इथे एक गोष्ट आपोआप शिकवली जाते, ती ध्यानात ठेवा. ‘दर’ म्हणताना शेवटच्या र मधला अ आपण गिळतो, म्हणतो ‘दर्’. मूल सुरुवातीला ‘द-र’ असं दोन्ही अक्षरं पूर्ण म्हणतं. त्याला टोकू नका. ‘पटकन म्हण, बोलतोस तसं म्हण’ एवढं सांगितलं की पुरतं. शेवटचा अ गिळण्याची ही सवय पुढे तिसऱ्या पायरीवर फार कामाला येणार आहे.

दुसरी पायरी: इ-ई आणि उ-ऊ, आधी सूत ओढून

सोलापुरात सुताला तोटा नाही. मागावरचे उरलेले दोरे गोळा करून ठेवा, रंगीत असले तर उत्तम. प्रत्येक मुलाच्या मुठीत वीतभर सूत द्या, टोक बाहेर काढलेलं. ‘इ’ म्हणताना टोक किंचित ओढायचं, ‘ई’ म्हणताना हात लांब जाईस्तोवर. उ-ऊचं तसंच. सूत किती बाहेर आलं ते दिसतं, आणि मुलं एकमेकांची सुतं ताडून बघतात.

उ-ऊसाठी कोंबडा वापरा. घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, कोंबड्या दारोदार असतात, त्यामुळे हा धडा कधी कधी खिडकीबाहेरूनच सुरू होतो. कु, कू, कूऽऽ. आखूड, लांब, आणखी लांब. पाणिनीनं ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत हे तीन काळ सांगणारं सूत्र रचलं तेव्हा त्यानं उ हाच स्वर घेतला, आणि त्यामागे कोंबड्याचं आरवणं आहे असं परंपरेनं सांगतात. अडीच हजार वर्षांच्या आसपासचं हे सूत्र एका विडी वळणाऱ्या बाईच्या ओसरीवर पोरं आरवून दाखवतात, याचा मला फार आनंद होतो.

हा खेळ फक्त लांबी म्हणजे काय ते कळण्यासाठी आहे. शब्दांवर तो लादू नका. ‘चिमणी’ हा शब्द ‘चि-म-णीऽऽऽ’ असा ताणून म्हणायला लावला की मूल तसंच वाचायला लागतं, आणि ती सवय मोडायला महिना जातो.

आता चिन्हं. काना, मात्रा मुलं लवकर धरतात. वेलांटी अवघड जाते, आणि तिचं कारण मुलात नाही, लिपीत आहे. ि ही खूण अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. डोळा डावीकडून निघतो, त्याला आधी वेलांटी दिसते. मी शिकवायला लागले त्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलीला सगळी बाराखडी तोंडपाठ होती. ‘कि की कु कू’ अगदी चालीत. तिच्यासमोर ‘दिवा’ लिहिला तर तिनं वाचलं, ‘इ-द-वा’. बाराखडी पाठ होती म्हणून मी निर्धास्त होते. तिला वाचता येत नाही हे मला दोन महिने कळलं नव्हतं. तेव्हापासून बाराखडी मी उलटसुलट विचारते: मधूनच ‘मि’, मग ‘पू’, मग ‘का’.

यावर उपाय साधा आहे. अक्षराचं एक कार्ड करा, वेलांटीचं वेगळं, पारदर्शक प्लॅस्टिकवर काढलेलं. साडीच्या खोक्यावरचं प्लॅस्टिक चालतं. आधी ‘द’ ठेवा, मुलानं ‘द’ म्हणायचं. मग वेलांटीचं प्लॅस्टिक त्यावर ठेवा, त्यानं ‘दि’ म्हणायचं. अक्षर आधी, खूण नंतर, हा क्रम हाताला आणि तोंडाला एकदम लागतो.

नावांबद्दल थोडं. शाळेत ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’, ‘पहिला उकार, दुसरा उकार’ म्हणतात. शाळेचेच शब्द वापरा, नाही तर मुलाची दोन ठिकाणी ओढाताण होते. पण एकदा एका मुलानं मला विचारलं, ‘बाई, डावीकडची का उजवीकडची?’ आणि त्याचा प्रश्न माझ्या नावांपेक्षा सोपा होता. रेघ अक्षराच्या डावीकडे उभी ती पहिली, आखूड. उजवीकडे उभी ती दुसरी, लांब. तेव्हापासून मी दोन्ही सांगते.

आणि र. रु आणि रू यांचे उकार खाली लागत नाहीत, र च्या कमरेला लागतात. ‘रुमाल’, ‘रुपया’, ‘रूळ’ हे शब्द त्यामुळे मुलांना एकदम परके दिसतात. त्यांना वेगळा एक दिवस द्या.

तिसरी पायरी: स्वयंपाकघर

इथे मात्र भरपूर थांबा. पुढचं सगळं या पायरीवर उभं आहे.

घरातले डबे आठवा: मीठ, पीठ, गूळ, तीळ, मूग, तूर, तूप, दूध. प्रत्येक शब्दात इ किंवा उ आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तो दीर्घ. आता विचारा, ‘हा कशाचा डबा?’ मिठाचा. पिठाचा. गुळाचा. तिळाचा. मुगाचा. तुरीचा. तुपाचा. आणि दुधाचं पातेलं. एकूण एक ऱ्हस्व झाले.

असं का होतं ते शिक्षकाला कळलं पाहिजे. मुलाला सांगायची गरज नाही. ‘मीठ’ म्हणताना शेवटचा अ गिळला जातो, म्हणजे आपण ‘मीठ्’ म्हणतो. शब्दाचा सगळा भार मीवर येतो आणि तो लांबतो. ‘मिठाचा’ म्हणताना ठ ला काना मिळाला, शब्द पुढे वाहू लागला, आणि ‘मि’ला थांबायला जागा उरली नाही, तो आखडला. सोलापूर आणि सोलापुरात यांत हेच झालं. सोलापूरला म्हणताना र तसाच बंद राहिला, म्हणून पू लांबच राहिला. लेखनाच्या नियमांत हेच उपान्त्य, अकारान्त, सामान्यरूप अशा शब्दांत सांगितलेलं आहे. मोठ्यांसाठी ते ठीक. मुलासाठी ‘मीठ, मिठाचा’ पुरे.

वर्गात हे असं करा. आठ रिकामे डबे किंवा काड्यापेट्या घ्या. मुलांना घरून चिमूट-चिमूट सामान आणायला सांगा. तेलकट, तुपकट सोडून. प्रत्येक डब्यावर मुलानं स्वतः चिठ्ठी चिकटवायची: मीठ, गूळ, तीळ. मग दुसऱ्या चिठ्ठ्यांचा ढीग: मिठाचा डबा, गुळाचा डबा, तिळाचा डबा. मुलानं चिठ्ठी वाचून बरोबर डब्याखाली ठेवायची. दोन चिठ्ठ्या एकाखाली एक आल्या की त्याला स्वतःलाच दिसतं: वर उजवीकडची वेलांटी, खाली डावीकडची. ‘बाई, ही उडी मारून इकडे आली!’ असं कुणीतरी म्हणतंच. त्या क्षणाची वाट बघा. आधी सांगून तो हिरावून घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडा: फूल-फुलं, मूल-मुलं, चूल-चुलीवर, वीट-विटेवर, पूल-पुलावर, विहीर-विहिरीत, बहीण-बहिणीला, सूत-सुताचा. वीट-विटेवर ही जोडी पंढरपूरच्या विठोबामुळे आमच्याकडे लगेच पाठ होते. ‘ऊस’ आणि ‘उसाचा रस’ ही जोडी मुद्दाम घ्या. इथे खूण बदलत नाही, सबंध अक्षरच ऊ चा उ होतं, आणि मुलांना कळतं की नियम वेलांटी-उकाराचा नाही, आवाजाचा आहे.

मग छोटे शब्द, जे दर ओळीत येतात: तू-तुला-तुझा, ती-तिला-तिचा, ही-हिला-हिचा. एवढे नऊ शब्द पक्के झाले की मुलाच्या लिखाणातल्या कितीतरी चुका निघून जातात.

संक्रांतीला, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, ‘तिळगूळ’ लिहून घ्या. ति ऱ्हस्व, गू दीर्घ. तीळ शब्द पुढे आला, त्याच्यामागे गूळ आला, भार शेवटच्या गूळवर गेला. मोठ्यानं म्हटलं की ऐकू येतं. आणि ‘उडीद’ घेतलात तर तयारीत राहा: ‘उडदाचा’ म्हणताना डी मधली वेलांटी आखडत नाही, पार नाहीशीच होते. मला हा शब्द फार आवडतो.

अपवाद येणारच. ‘गुण’, ‘सुख’, ‘मुख’, ‘विष’, ‘दिन’ हे शब्द आपल्या डब्यांच्या नियमानं दीर्घ व्हायला हवे होते, पण ते संस्कृतातून आले आणि आपलं लेखन घेऊनच आले. उलट बाजूनं ‘शरीर’ आणि ‘गीत’ पुढे काहीही लागलं तरी दीर्घच राहतात: शरीराला, गीताचा. मुलांना मी एवढंच सांगते की हे पाहुणे शब्द आहेत, त्यांच्या घरची रीत वेगळी. समोर येईल तसा एकेक दाखवा. त्यांची यादी करून पाठ करून घेऊ नका. पाहुण्यांच्या यादीत घरची माणसं हरवतात.

चौथी पायरी: शब्दाच्या शेवटी

ही सगळ्यांत सोपी, आणि पहिल्या महिन्यातच देता येते. मराठी शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला तर तो दीर्घ लिहायचा. पाणी, भाकरी, चटणी, विडी, लाडू, चाकू, मी, तू. अपवाद रोजच्या वापरातला एकच: आणि. त्याचा धाकटा भाऊ ‘नि’ सुद्धा तसाच. ‘आणि’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.

घरातले मोठे इथे गोंधळ करतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ जोडले गेले. त्याआधी कवि, गुरु, बुद्धि असे संस्कृत शब्द शेवटी ऱ्हस्व लिहीत. ते आता कवी, गुरू, बुद्धी झाले. आजोबा नातवाला ‘गुरु’ लिहायला लावतात आणि शाळेत ‘गुरू’ लागतं, तेव्हा मुलापुढे आजोबांना चुकीचं ठरवू नका. त्यांच्या शाळेत ते बरोबर होतं असं सांगा.

मात्र तोच शब्द जोडशब्दाच्या पहिल्या भागात आला की जुनं रूप टिकतं. वर्गातला रवी ‘रवी’ लिहितो, पण त्याचा सुट्टीचा दिवस ‘रविवार’. गुरू पण गुरुवार, शनी पण शनिवार. आठवड्याचे हे तीन वार फळ्याच्या कोपऱ्यात रोज तारखेसोबत लिहीत गेलात तर वेगळं शिकवावं लागत नाही.

मधली एक अडचण: घर आणि घरं

यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण मराठी घरातल्या शिक्षकाला ही अडचण दिसतच नाही.

‘घर’ आणि ‘घरं’. दुसऱ्या शब्दातला टिंब हा नाकातला आवाज नाही. तो सांगतो, शेवटचा अ गिळू नको, ताण. म्हणजे मराठीत खुद्द अ चीही आखूड-लांब जोडी आहे. फक्त लांब अ ला वेगळं अक्षर न देता आपण वर टिंब देतो. पान-पानं, ताट-ताटं, दार-दारं, असं, केलं, तिथं. हा लेखही त्या टिंबांनी भरलेला आहे. औपचारिक लेखनात घरे, पाने, असे, केले असं लिहितात, पण गोष्टींच्या पुस्तकांतल्या संवादांत टिंबच असतो, आणि मुलं गोष्टींचीच पुस्तकं उचलतात.

तेलुगूत शब्दाच्या शेवटी टिंब आला की तो ‘म्’ असतो. ‘पुस्तकं’ असं लिहून ते ‘पुस्तकम्’ वाचतात. ज्या मुलानं घरी ताईला तेलुगू वाचताना ऐकलंय, किंवा देवळात संस्कृत श्लोक ऐकलेत, ते मूल ‘घरं’ पाहिलं की ‘घरम्’ वाचतं. चांगल्या वाचणाऱ्या मुलांकडून हे मी ऐकलं आहे. त्यांना ‘चुकलं’ म्हणू नका, त्यांनी एका भाषेचा नियम अगदी बरोबर लावलेला असतो.

पुन्हा सूत काढा. ‘घर’ला सूत ओढायचंच नाही, ‘घरं’ला शेवटी ओढायचं. आणि हनुवटीखाली हात ठेवायला सांगा: लांबवताना ‘घरा’ होऊ नये, तोंड अ चंच राहिलं पाहिजे. मग एक आणि अनेक असा खेळ. एक पान दाखवा: पान. चार दाखवा: पानं. दोन दिवसांत बसतं.

टिंब शब्दाच्या मध्ये आला तर त्याचा आवाज खरोखर नाकातला, आणि तिथे मागचा इ किंवा उ बहुधा ऱ्हस्व: चिंच, लिंबू, डाळिंब, उंट, सुंठ. जोडाक्षराच्या आधीही बहुधा तसंच: पुस्तक, शिस्त, मुक्काम. ‘पूज्य’, ‘तीक्ष्ण’ असे पाहुणे पुढच्या इयत्तांत भेटतील.

घरची भाषा वेगळी असेल तर

नवे शिक्षक म्हणतात, ‘या मुलांची मराठी कच्ची, यांना ऱ्हस्व-दीर्घ कसं जमणार?’ गोष्ट नेमकी उलटी आहे. तेलुगू आणि कन्नड या भाषांत आखूड-लांब स्वरानं अर्थ खरोखर बदलतो, आणि त्यांत ए आणि ओ यांच्याही आखूड-लांब जोड्या आहेत, ज्या मराठीत नाहीत. कन्नडमध्ये ‘बळे’ म्हणजे बांगडी, ‘बाळे’ म्हणजे केळ. ‘बिडि’ म्हणजे सोडा, ‘बीडि’ म्हणजे विडी. ज्या मुलानं बोलायला शिकतानाच हा फरक शिकलाय, त्याचा कान मराठी घरातल्या मुलापेक्षा तयार आहे. दुसऱ्या पायरीवर अशा मुलांना पुढे बोलवा, त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतल्या जोड्या म्हणवून घ्या. वर्गात मागे बसणारं पोर त्या दिवशी सगळ्यांना शिकवतं.

त्यांना जड जातं ते वेगळंच: शब्दाचा शेवट. तेलुगूत दूध म्हणजे ‘पालु’, मीठ म्हणजे ‘उप्पु’, घर म्हणजे ‘इल्लु’, आणि शेवटचा उ आखूड. म्हणून ही मुलं ‘लाडू’ला ‘लाडु’, ‘पाणी’ला ‘पाणि’ म्हणतात आणि तसंच लिहितात. कारण कळलं की उपायही कळतो. चौथी पायरी त्यांच्यासाठी जास्त दिवस चालवा. आईला विचारून घरातल्या पाच वस्तूंची तेलुगू नावं वहीत देवनागरीत लिहून आणायला सांगा. आई कामातून मान वर करून नाव सांगते, मूल लिहितं, आणि दोघांमध्ये वही येते.

उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘कम’ आणि ‘काम’ हे फरक रोज ऐकतात. त्यांतलं एखादं मूल अरबी अक्षरं शिकत असेल तर त्याला जेर आणि पेश माहीत असतात. पहिली वेलांटी म्हणजे जेर, पहिला उकार म्हणजे पेश, एवढं सांगितलं की त्याची अर्धी वाट सरते.

चुका कुठल्या धरायच्या

वाचणं आणि लिहिणं यांना एकच माप लावू नका. मूल ‘मीठ’ला ‘मिठ’ असं आखूड वाचतं, पण त्याला मीठ कळलं, तर पुढे जाऊ द्या. ‘दार’ला ‘दर’ वाचलं तर मात्र थांबवा, कारण शब्दच बदलला. लिहिताना पहिले सहा महिने मी तीनच गोष्टी बघते: काना आहे का, शब्दाचा शेवट दीर्घ आहे का, आणि डब्यांवरचे शब्द बरोबर आहेत का. बाकी वेलांट्या कुठेही असोत, त्यावर लाल खूण नाही. ज्या वहीत प्रत्येक ओळ लाल होते, त्या वहीतलं मूल हळूहळू दोन-दोन शब्दांचीच वाक्यं लिहायला लागतं. त्याला चुकायचं नसतं.

चूक दाखवायची झाली तर शब्द परत म्हणून दाखवा आणि विचारा, ‘कशाचा डबा?’ वहीत ‘मीठाचा’ असेल तर मूल एकदा मोठ्यानं म्हणतं, जरा थांबतं, आणि स्वतःच खोडतं. नियम आठवायला लागला नाही, कान आठवला.

वेळ रोज पंधरा मिनिटं पुरे. तीन-चार मिनिटं तोंडी खेळ, सात-आठ मिनिटं चिठ्ठ्या नाही तर पुस्तक वाचणं, शेवटी पाच शब्दांचं श्रुतलेखन. पाचच. त्यांतले तीन कालचे असावेत. घरी विड्यांची पानं कापायला, भावंडं सांभाळायला या मुलांचे हात लागतात. संध्याकाळच्या वर्गाला ती दमून येतात. पंधरा मिनिटांची वीस करू नका.

दोन-तीन महिन्यांनी, चौथी पायरी झाल्यावर, मुलांना एसटी स्टँडवर घेऊन जा. पालकांपैकी एक-दोघं सोबत हवेत. गाड्यांच्या पाट्या वाचायच्या: पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर, लातूर. सगळ्यांना पू किंवा तू लांब. प्रत्येक पाटीनंतर एक प्रश्न: तिथे काय आहे? ‘पंढरपुरात विठोबा’, ‘तुळजापुरात भवानी’. परत आल्यावर ही वाक्यं लिहून घ्या, बघून नाही, म्हणून. परतीच्या वाटेवर दुकानांच्या पाट्याही मुलं वाचणारच, आणि त्यांतल्या कितीतरी चुकलेल्या असणार. कुणी ओरडून सांगेल, ‘बाई, त्यांनी डावी वेलांटी टाकलीय!’ त्याला जवळ घ्या, शब्द हळू आवाजात म्हणायला लावा, आणि बरोबर रूप त्याच्या वहीत लिहू द्या. दुकानदाराला ऐकू जाणार नाही असं बघा. त्याचंही पोर कदाचित आपल्याच वर्गात असेल.